ध्वजनिधीतील मदत : हक्क कोणाचा?

दरवर्षी ७ डिसेंबरला शाळांतून, कचेऱ्यांतून आणि बसस्थानकांवर छोटे कागदी ध्वज वाटले जातात. तांबडा, गडद निळा आणि आकाशी हे त्यांवरील तीन रंग भूदल, नौदल आणि हवाई दल यांचे निदर्शक होत. ध्वज छातीवर टाचून घेणारा नागरिक डब्यात यथाशक्ती पैसे टाकतो आणि ते ‘सैनिकांसाठी’ जातात एवढ्या माहितीवर समाधान मानतो. डबा घेऊन फिरणाऱ्या विद्यार्थ्यालाही बहुधा याहून अधिक ठाऊक नसते. परंतु ‘सैनिक’ हा शब्द येथे अपुरा पडतो. सेवेतील सैनिकास वेतन मिळते. पंधरा वर्षे पूर्ण करून घरी परतलेल्या शिपायास निवृत्तिवेतन मिळते. मग डब्यातील हा पैसा नेमका कोणाच्या घरी जातो? ज्याच्या घरी तो जावयाचा त्यालाच पुष्कळदा हे माहीत नसते, आणि ज्याचा हक्क नाही असा मनुष्य वर्षानुवर्षे कचेरीचे उंबरे झिजवीत राहतो. या दोन्ही गोष्टी टळाव्यात म्हणून ध्वजनिधीचे नियम गावपातळीवरील कर्मचाऱ्यांस, शिक्षकांस आणि स्वतः माजी सैनिकांस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

ध्वज दिनाचा निर्णय स्वातंत्र्यानंतर लवकरच झाला. संरक्षण मंत्र्यांच्या समितीने २८ ऑगस्ट १९४९ रोजी ७ डिसेंबर ही तिथी मुक्रर केली. युद्धात जायबंदी झालेल्यांचे पुनर्वसन, सेवेतील जवान व त्यांचे कुटुंबीय यांचे कल्याण आणि माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांचे कल्याण, असे तीन हेतू त्यामागे होते. पुढे निरनिराळ्या कारणांनी निरनिराळे निधी निर्माण झाले. युद्धात वीरगती प्राप्त झालेल्यांच्या कुटुंबांसाठी व अपंग सैनिकांसाठी असलेला विशेष निधी, ध्वज दिन निधी, दृष्टी गमावलेल्या सैनिकांच्या सेंट डन्स्टन्स संस्थेशी संबंधित निधी आणि गोरखा माजी सैनिकांचा निधी हे १९९३ साली एकत्र करण्यात आले आणि त्यांतून आजचा सशस्त्र सेना ध्वज दिन निधी उभा राहिला. त्याचा कारभार केंद्रीय सैनिक बोर्ड पाहते. संरक्षण मंत्री हे बोर्डाचे अध्यक्ष असतात. राज्यात राज्य सैनिक बोर्ड आणि जिल्ह्यात जिल्हा सैनिक बोर्ड किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अशी ही साखळी आहे. अर्जदाराचा संबंध येतो तो या शेवटच्या कचेरीशी.

या निधीतून थेट व्यक्तीला मिळणारे साहाय्य मुख्यतः ‘संरक्षण मंत्री माजी सैनिक कल्याण निधी’ या नावाखाली दिले जाते. नाव लांबलचक असले तरी पैसा मुळात ध्वज दिन निधीचाच आहे.

माजी सैनिक कोणास म्हणावे?

पहिली अट ही, आणि बहुतेक गैरसमज येथेच होतात. लष्करी पोशाख ज्याने एकदा अंगावर चढविला तो जन्मभर माजी सैनिक, अशी गावाची समजूत असते. भावना म्हणून ती योग्यच आहे. नियम मात्र सेवामुक्तीची तारीख पाहतो, आणि तारखेप्रमाणे व्याख्या बदलत गेली आहे.

एका गावातील तीन गृहस्थांचे उदाहरण कल्पनेने घेऊ. तिघेही भूदलात शिपाई होते, तिघांचीही सेवा नऊ वर्षांची. घरची शेती सांभाळावयास कोणी नाही म्हणून तिघांनीही स्वतः विनंती करून सेवा सोडली. पहिला १९७४ साली परतला, दुसरा १९८४ साली, तिसरा १९९० साली. नऊ वर्षांवर निवृत्तिवेतन कोणालाच नाही.

यांपैकी पहिला माजी सैनिक ठरतो. १ जुलै १९६८ ते ३० जून १९७९ या काळात सेवामुक्त झालेल्या व्यक्तीने शपथविधीनंतर सलग सहा महिने सेवा केलेली असली आणि गैरवर्तन अथवा अकार्यक्षमता या कारणावरून तिला काढून टाकलेले नसले, म्हणजे पुरे. दुसराही माजी सैनिक ठरतो. १९७९ च्या जुलैपासून १९८७ च्या जूनपर्यंत स्वतःच्या विनंतीवरून सेवा सोडणाऱ्यास किमान पाच वर्षांच्या सेवेची अट होती, आणि त्याची तर नऊ वर्षे झालेली आहेत. तिसरा मात्र माजी सैनिक ठरत नाही. १ जुलै १९८७ पासून स्वेच्छेने सेवा सोडणाऱ्याने निवृत्तिवेतन मिळविलेले असणे आवश्यक झाले. निवृत्तिवेतन नसता माजी सैनिक ठरण्याचे मार्ग त्यापुढे थोडेच उरले : ठरलेली मुदत पूर्ण करून उपदानासह मुक्त होणे, किंवा सैन्याची पदे कमी केल्यामुळे मुक्त होणे. लष्करी सेवेमुळे जडलेल्या आजाराने वा दुखापतीने वैद्यकीय कारणास्तव मुक्त होऊन अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळालेलाही अर्थातच माजी सैनिक होय.

सेवा तीच, कारण तेच, आणि निकाल निराळा. तिसऱ्या गृहस्थाला हे अन्यायाचे वाटल्यास त्याला दोष देता येणार नाही. परंतु कचेरीतील अधिकाऱ्याला ती तारीख ओलांडण्याचा अधिकार नाही, हेही त्याला कोणीतरी नीट समजावून सांगितले पाहिजे. म्हणजे निदान दर वर्षी नवा अर्ज करून नवी निराशा पदरी घेण्याचे टळेल. १ जुलै १९६८ पूर्वी मुक्त झालेल्यांच्या बाबतीत किमान सेवेची अटच नव्हती. त्या पिढीतील पुरुष आता थोडे उरले आहेत. त्यांच्या विधवा मात्र अजून अनेक गावांत आहेत, आणि पतीच्या चार-दोन वर्षांच्या सेवेला काही किंमत असेल अशी त्यांना कल्पनाही नसते.

केंद्रीय राखीव पोलीस दल, सीमा सुरक्षा दल इत्यादींतून निवृत्त झालेले जवान या व्याख्येत येत नाहीत. ती दले गृह मंत्रालयाच्या अधीन असून त्यांच्या कल्याणाची व्यवस्था स्वतंत्र आहे. दोन सख्खे भाऊ, एक भूदलातून आणि दुसरा सीमा सुरक्षा दलातून परतलेला, एकाच कचेरीत अर्ज घेऊन येतात असे घडते; दुसऱ्यास योग्य ठिकाण दाखविणे एवढेच तेथे शक्य असते. २०२२ च्या अग्निपथ योजनेतील चार वर्षांच्या सेवेनंतर मुक्त होणाऱ्या अग्निवीरांस माजी सैनिकाचा दर्जा मिळणार नाही, असे त्या योजनेच्या अटींतच नमूद केलेले होते. घरातील मुलगा भरती होत असता पालकांनी हे वाचलेले बरे.

हुद्दा, निवृत्तिवेतन आणि वय

माजी सैनिक ठरल्यानंतरही प्रत्येक अनुदान प्रत्येकास मिळत नाही. या निधीचा रोख खालच्या हुद्द्यांकडे आहे. प्रमुख अनुदाने हवालदारापर्यंतच्या, म्हणजे नौदलात पेटी ऑफिसर व हवाई दलात सार्जंट यांपर्यंतच्या माजी सैनिकांस व त्यांच्या विधवांस मिळतात. सुभेदार किंवा कॅप्टन यांची सेवा कमी मोलाची असा याचा अर्थ नव्हे. पैसा मर्यादित असल्यामुळे तो आधी कोठे पोचावा हे ठरविणे भाग होते.

सर्वांत महत्त्वाचे अनुदान म्हणजे कचेरीच्या भाषेत ‘पेन्युरी ग्रँट’. विपन्नावस्थेतील वृद्धांस मिळणारे हे साहाय्य आहे. वय ६५ वर्षे पूर्ण, हुद्दा हवालदार वा त्याखालचा, निवृत्तिवेतन नाही आणि उत्पन्नाचे नियमित साधन नाही, अशा माजी सैनिकास किंवा अशाच स्थितीतील विधवेस ते आजीवन मिळते. पूर्वी दरमहा ४,००० रुपये मिळत. २०२५ च्या ऑक्टोबरात संरक्षण मंत्र्यांनी ते दुप्पट केले आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांना दरमहा ८,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ९६,००० रुपये, असा दर लागू झाला. वर उल्लेखिलेल्या तिघांपैकी पहिल्या दोघांना हा लाभ मिळू शकतो तो याच ठिकाणी. ज्या नऊ वर्षांनी निवृत्तिवेतन दिले नाही, तीच नऊ वर्षे वार्धक्यात उपयोगी पडतात. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवेने मात्र या अनुदानासाठी अर्ज करू नये. तो मान्य होणार नाही.

अनुदानाच्या नावामुळेही एक अडचण उद्भवते. ज्याने उभ्या आयुष्यात कोणापुढे हात पसरला नाही अशा वृद्धास स्वतःस विपन्न म्हणवून घेणे जड जाते. अशा वेळी सरपंचांनी वा शिक्षकांनी त्याच्याकडे स्वतः जावे. हे दान नसून त्याच्याच नावाने जमविलेल्या निधीतील त्याचा वाटा आहे, हे सांगणारा मनुष्य गावातलाच असला तर शब्द लवकर पटतो.

शिक्षणाच्या अनुदानास निवृत्तिवेतनाची आडकाठी नाही. निवृत्तिवेतन घेणारा हवालदारही आपल्या दोन मुलांसाठी, इयत्ता पहिलीपासून पदवीपर्यंत, ते घेऊ शकतो. त्याचा दर दरमहा १,००० रुपयांवरून २,००० रुपये झाला आहे. विधवेस स्वतः दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करावयाचा असल्यास तिलाही ते मिळते. मूल मागील इयत्ता उत्तीर्ण झालेले असावे, आणि त्याच मुलासाठी राज्य शासनाकडून वा पालकाच्या सध्याच्या नोकरीतून शिक्षण भत्ता अथवा शिष्यवृत्ती मिळत नसावी. ही दुसरी अट विसरली जाते. निवृत्तीनंतर शासकीय नोकरीत लागलेला पालक तेथे मुलांचा शिक्षण भत्ता उचलतो आणि येथेही अर्ज करतो; चौकशीत ते उघडकीस आले की अनुदान तर जातेच, शिवाय पुढच्या अर्जाकडेही संशयाने पाहिले जाते.

विवाहाचे अनुदान ५०,००० रुपयांवरून १,००,००० रुपये झाले. ते जास्तीत जास्त दोन मुलींच्या विवाहासाठी आहे, आणि वाढीव दर नवीन आदेशानंतर झालेल्या विवाहांनाच लागू आहे. माजी सैनिकाच्या विधवेच्या पुनर्विवाहासही तेवढेच अनुदान मिळते. हे कलम गावात कोणी मोठ्याने वाचून दाखवीत नाही. पंचविशीत पती गमावलेल्या मुलीच्या माहेरच्या व सासरच्या वडीलधाऱ्यांनी तरी ते वाचावे.

या तिन्ही वाढीव अनुदानांचा वार्षिक बोजा सुमारे २५७ कोटी रुपयांचा धरण्यात आला असून तो ध्वज दिन निधीतूनच भागवावयाचा आहे. सात डिसेंबरच्या डब्याचे महत्त्व यावरून लक्षात येईल. वैद्यकीय साहाय्य, अनाथ मुलांस व पूर्णतः अपंग अपत्यास साहाय्य अशीही अनुदाने आहेत; त्यांचे प्रचलित दर जिल्हा कार्यालयातून समजून घ्यावेत. वैद्यकीय साहाय्य मुख्यत्वे निवृत्तिवेतन नसलेल्यांसाठी आहे, कारण निवृत्तिवेतनधारकांकरिता २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना चालू आहे.

निधीचा काही भाग व्यक्तीस न मिळता संस्थांस जातो. पुण्याजवळ खडकी येथील पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात मणक्याच्या दुखापतीमुळे कमरेखाली किंवा मानेखाली लुळे पडलेले जवान राहतात. कोणी सीमेवर गोळी लागून तेथे आलेला असतो, कोणी दरीत वाहन कोसळून. अशा रुग्णाची सेवा त्याचे घर कितीही मायेचे असले तरी एकट्याने करू शकत नाही. असेच केंद्र पंजाबात मोहाली येथे असून दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी डेहराडून येथे संस्था आहे. या संस्थांना ध्वजनिधीतून अनुदान मिळते. येथे हुद्द्याचा व निवृत्तिवेतनाचा प्रश्न मागे पडतो आणि दुखापत हीच पात्रता ठरते.

निरनिराळे निधी, निरनिराळे मालक

पंतप्रधान शिष्यवृत्तीचा पैसा ध्वजनिधीतला नव्हे. ती १९६२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संरक्षण निधीतून दिली जाते. व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमासाठी ती असते, पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के गुण लागतात आणि २०१९ पासून मुलांस दरमहा २,५०० व मुलींस ३,००० रुपये असा तिचा दर ठरला. बारावीच्या वर्गशिक्षकांनी माजी सैनिकांच्या पाल्यांना ही माहिती निकालाच्या सुमारास अवश्य द्यावी.

पलटणीचा निधी, ज्याला जवान ‘रेजिमेंटल फंड’ म्हणतात, तो आणखी वेगळा. कँटीनचा नफा, जवानांची वर्गणी, देणग्या अशा मार्गांनी तो जमतो आणि पलटणीतील जवानांचे खेळ, करमणूक, सोयी व कुटुंबकल्याण यांवर खर्च होतो. तो शासनाचा पैसा नाही. पलटणीचा प्रमुख अधिकारी त्याचा विश्वस्त असतो. याच कारणास्तव, पलटणीच्या कँटीनमधील नोकर हे शासकीय कर्मचारी नव्हेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली दिला. आपल्या जुन्या पलटणीस साहाय्यासाठी पत्र लिहावयास हरकत नाही, आणि पलटणी आपल्या माणसांना सहसा विसरतही नाहीत. पण तेथून मिळेल ती आपुलकीची मदत होय. ती हक्काने मागता येत नाही आणि तिच्या नकारावर कोठे अपीलही नाही.

२०१६ च्या फेब्रुवारीत सियाचेन हिमनदीवर हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांतील धारवाड जिल्ह्याचा एक लान्सनायक सहा दिवसांनी बर्फाखालून जिवंत निघाला आणि पुढे दिल्लीच्या इस्पितळात मरण पावला. त्या वेळी देशभरातून लोक देणग्या देऊ लागले. त्यानंतर युद्धजन्य कारणांनी मृत्यू वा अपंगत्व आलेल्यांसाठी स्वतंत्र निधी स्थापन झाला. त्यातील साहाय्य ठरलेल्या कारणांनी घडलेल्या हानीपुरतेच आहे. घरी रजेवर असता अपघाताने मृत्यू पावलेल्या जवानाचे कुटुंब त्यात येत नाही.

कागद कोठे अडतो?

पात्रता असूनही मदत न मिळण्याचे कारण बहुधा कागदात असते. डिस्चार्ज बुक हा सर्वांचा पाया. कौलारू घरात पेटीच्या तळाशी ठेवलेले हे पुस्तक पावसाने भिजते, वाळवी लागते, किंवा वाटणीत थोरल्याकडे जाते. ते हरवल्यास पोलीस ठाण्यात नोंद करून जिल्हा कार्यालयामार्फत संबंधित अभिलेख कार्यालयास लिहावे. सेवा क्रमांक ठाऊक असला तर काम सोपे होते. म्हणून तो क्रमांक घरातील प्रत्येक सज्ञान व्यक्तीने कोठेतरी लिहून ठेवावा.

दुसरी अडचण आपल्या रीतिरिवाजांतून येते. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची पद्धत मराठी घरांत दीर्घ काळ होती. जवानाने लग्नानंतर पलटणीत पत्नीचे माहेरचे नाव नोंदविले, शिधापत्रिकेवर सासरचे नाव चढले आणि बँकेत तिसरेच, म्हणजे गावात हाक मारतात ते. पती हयात असेतो याने काही बिघडत नाही. तो गेला की तीन कागदांवरच्या तीन स्त्रिया एकच आहेत हे सिद्ध करण्याचे काम त्या एकट्या विधवेवर येऊन पडते. प्रतिज्ञापत्र, जाहिरात, अभिलेख कार्यालयाकडून नोंदीची दुरुस्ती यांत वर्ष सहज जाते. पती हयात असतानाच ही दुरुस्ती करून घ्यावी. मुलांच्या जन्मनोंदीचेही तेच. पलटणीच्या ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये मुलीची जी जन्मतारीख आहे तीच शाळेच्या नोंदवहीत असावी. शाळेत नाव घालताना अदमासाने सांगितलेली जूनची पहिली तारीख पुढे विवाहाच्या अनुदानास आड येते. मुख्याध्यापकांनी सैनिकाच्या मुलाचा प्रवेश करताना जन्माचा दाखला मागितला, तर ती त्या कुटुंबाची सेवाच होईल.

विवाहाच्या अनुदानाचा अर्ज विवाहापासून १८० दिवसांच्या आत करावा लागतो, आणि वधूचे वय १८ वर्षे पूर्ण असावे लागते. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर भरावयाचे असून मूळ कागद जिल्हा कार्यालयात तपासले जातात. त्यासाठी मध्यस्थास पैसे देण्याचे कारण नाही.

राज्याराज्यांच्या सीमेवर राहणाऱ्यांनी एक भेद ध्यानात ठेवावा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र व अभिलेख कार्यालय बेळगावात आहे, आणि कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्गाकडचे कित्येक जवान निवृत्तीनंतर तेथेच घर बांधतात. कोणी महूच्या छावणीमुळे इंदूरला, तर कोणी सिकंदराबादमुळे हैदराबादेस स्थायिक होतात. वर सांगितलेली केंद्रीय अनुदाने सैनिक मूळ कोणत्या राज्याचा यावर अवलंबून नाहीत. जेथे तो राहतो व जेथे त्याची नोंद आहे त्या जिल्ह्याच्या कार्यालयातून अर्ज जातो. राज्य शासनांच्या स्वतःच्या सवलती मात्र त्या त्या राज्याच्या अधिवासाच्या नियमांप्रमाणे मिळतात. बेळगावात राहून नोंद कोल्हापुरास ठेवलेल्या गृहस्थाचा अर्ज म्हणून दोन कचेऱ्यांमध्ये फिरत राहतो. गाव बदलले असल्यास जुन्या जिल्हा कार्यालयातून नोंद बदलून घ्यावी आणि नव्या कार्यालयात माजी सैनिकाचे ओळखपत्र, डिस्चार्ज बुक व राहण्याचा पुरावा दाखवून नाव चढवावे. पतीच्या मृत्यूनंतर मुलाकडे राहावयास गेलेल्या विधवेसही हेच लागू आहे.